दुपारची हजेरी

बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यातला लाल आकडा अजून ठरत नव्हता. नव्वद, मग एकदम शहाऐंशी, मग काहीच नाही, नुसत्या दोन आडव्या रेघा... थंडीनं त्या यंत्राचीही बोबडी वळली असावी. तिनं थोरल्या भावाचं, अण्णाचं, बोट आपल्या मुठीत घेऊन चोळलं. नख निळसर दिसत होतं; थंडीनं, की — पण हा प्रश्न ती रोज सकाळी इथंच अर्ध्यावर सोडायची. बोटात थोडी ऊब आली, चिमटा पुन्हा लावला, आकडा नव्वदवर येऊन थांबला आणि अण्णानं विचारलं,

"पास?"

"काठावर."

"चालेल. शाळेतही कधी याच्या वर गेलो नाही," अण्णा म्हणाला आणि हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. हसण्याची आणि खोकल्याची हद्द अलीकडे एकच झाली होती, त्यामुळे ती शक्यतो त्याला हसवत नसे. विनोद तो स्वतःच करी, स्वतःच हसे आणि स्वतःच भोगी. ती पाठीवर हात ठेवून उभी राहायची, खोकला संपेपर्यंत.

इथला हिवाळा दिसायला काही भयंकर नाही. बर्फ पडत नाही, वादळं होत नाहीत, वर्तमानपत्रात छापण्यासारखं काही घडत नाही. तो नदीवरून धुकं होऊन येतो आणि नको असलेल्या पाहुण्यासारखा गावात ठिय्या देऊन बसतो. चुलींचा, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर वर जायला वाट मिळत नाही म्हणून त्याच धुक्यात मुक्काम ठोकतो. वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत. मिठाला पाणी सुटतं, दारं फुगून चौकटीत अडकतात, सकाळी नळाखाली हात धरला की पाणी बोटांना चावतं. माणसं कुरकुरतात, मफलर गुंडाळतात, आणि उन्हं तापली की सगळं विसरून जातात. पण ज्या घरात थकलेल्या फुप्फुसांचा माणूस असतो त्या घराला विसरता येत नाही. त्या घरात हिवाळा ऐकू येतो. भिंतीपलीकडे श्वास आत जातो, बारीक शिट्टी वाजते, मध्ये थोडं काहीच नसतं... आणि मग श्वास बाहेर येतो. ते मधलं काहीच नसणं तिनं इतक्या वर्षांत इतकं ऐकलं होतं की झोपेतसुद्धा तिचा कान तिथंच टेकलेला असायचा.

ती आली होती एका हिवाळ्यापुरती. वहिनी गेल्यावर अण्णाला कुणीतरी सोबत हवं होतं, डॉक्टर म्हणाले होते, थंडी ओसरेपर्यंत बघा. थंडी ओसरली, मग पुढची आली. दुसऱ्या शहरातली भाड्याची खोली सुटली, आणि त्या शहरातल्या ज्या एका माणसानं तिची वाट पाहायचं कबूल केलं होतं, त्यानं दीड हिवाळा प्रामाणिकपणे वाट पाहिली. त्याला दोष द्यायला जागाच नव्हती. कुणालाच दोष द्यायला जागा नव्हती, हीच तर...

"मफलर घे," अण्णा म्हणाला. "आणि दुपारी हजेरी घ्यायला विसरू नकोस."

ती विसरत नसे. दुपारच्या सुट्टीत ती दुकानातून फोन करायची आणि अण्णा पलीकडून मुलासारखा ओरडायचा, "हजर!" एवढंच बोलणं. जन्मभर त्यानं पोरांची हजेरी घेतली होती, पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभं राहून, शिट्टी गळ्यात अडकवून. पोहायला शिकवणारा माणूस! एका दमात तलावाच्या तळाशी बसून राहायचा, वर येईच ना, काठावरच्या आया घाबरून ओरडायच्या. आता तोच तलाव खिडकीतून दिसायचा, हिवाळ्यात रिकामा केलेला, आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून अण्णा दिवसभर बसायचा. उबदार गावात जाऊन राहा, असं डॉक्टरांनी एकदा सुचवलं तेव्हा म्हणाला होता, "या वयात नवीन खिडकी नको."

रस्त्यावर धुकं इतकं दाट होतं की समोरचा माणूस आधी खोकल्यातून कळत होता आणि मग दिसत होता. बस बंद होत्या. ती फुटपाथच्या कडेनं, दुकानांच्या शटरांना हात लावत चालत राहिली. तिलाही अण्णानंच शिकवलं होतं पोहायला. पोटाखाली हात धरून — मी धरलंय, बारके, तू हातपाय मार — आणि ती मारत राहिली, मारत राहिली, आणि मान वळवून पाहते तर अण्णा दूर पायऱ्यांवर उभा, हाताची घडी घालून. तेव्हा तिच्या नाकातोंडात पाणी गेलं ते खोल पाण्यामुळे नाही, संतापानं. नंतर ती कितीतरी वेळ त्याच्याशी बोलली नव्हती. तो म्हणाला होता, "सांगून सोडलं असतं, तर सोडू दिलं असतंस का?"

चष्म्यांच्या दुकानात काचेचं दार उघडून जो आत येई त्याचा चष्मा पांढराफट्ट होई आणि तो आंधळ्यासारखा उंबऱ्यावरच उभा राही. मालकीणबाई दर वेळी हसून म्हणत, "या, या, घाबरू नका, इथं सगळ्यांचं असंच होतं." ती मात्र आतल्या खोलीत. ओल्या चाकावर काच घासायची, कड गोल करायची, फ्रेमला लावून बघायची, पुन्हा घासायची. थंडीत फ्रेमाही हट्टी होतात. गरम हवेवर धरल्याशिवाय वाकवल्या तर कटकन मोडतात. त्या गरम हवेवर ती आधी आपली बोटं धरायची.

"आज सांगणार ना?" मालकीणबाईंनी आत डोकावून विचारलं. "मी संध्याकाळी निघते. जागेच्या मालकाला शब्द द्यायचाय."

समुद्राकाठच्या गावात त्या दुसरं दुकान काढत होत्या. दुकान पूर्ण तिच्या हातात, वर राहायला खोली. "तिकडे स्वेटर माहीत नाही गं कुणाला," असं म्हणाल्या होत्या, आणि ती आठवडाभर ते वाक्य तोंडात धरून हिंडत होती. अण्णाला तिनं सांगितलं नव्हतं. सांगायचं काय? तो येणार नाही हे ठाऊक होतं, आणि तो 'जा' म्हणेल हेही ठाऊक होतं, आणि त्याच्या 'जा'वर आपण जाऊ शकणार नाही हे तर...

"दुपारी सांगते."

दुपारी तिनं फोन लावला. वाजत राहिला. बंद झाला. न्हाणीघरात असेल. तिनं डबा उघडला, दोन घास खाल्ले, पुन्हा लावला. वाजत राहिला. झोप लागली असेल. फोन रजईखाली गेला असेल. एकदा गेला होता तसा. पुन्हा लावला. आणि आता आणखी एक कारण सुचण्याऐवजी डोळ्यांपुढे एक चित्रच आलं. खिडकीपाशी खुर्ची, मान एका बाजूला कललेली, पायाशी लालभडक हीटर तसाच चालू.

तिनं घाबरायला हवं होतं. ती नुसती पाहत होती. चित्र शांत होतं. त्यात शिट्टी नव्हती. मग ती त्या चित्रात शिरली आणि तिनं आधी हीटर बंद केला; मग खिडकी उघडली, कित्येक महिन्यांनी, चौकटीच्या फटीत कोंबलेले कागद काढून. रजया गच्चीवर नेल्या. औषधांचं कपाट रिकामं केलं. कुणाकुणाला कळवायचं, जिन्यातून खाली कसं न्यायचं, पलंग कुणाला द्यायचा, सगळं भराभर, नीट, आधीच ठरवून ठेवल्यासारखं. मग एक लांब झोप, भिंतीला कान नसलेली. आणि मग एक दोरी, समुद्रावरच्या वाऱ्यात, तिच्यावर फक्त तिचेच कपडे, घातल्या घातल्या वाळणारे. तिनं चिमटे लावले, मागं सरून पाहिलं...

मी कपडे वाळत घालतेय. मी हे काय करतेय?

चाक फिरत होतं. तिच्या हातात काच होती, आणि ती बिनचूक घासली गेली होती. डबा कधी बंद केला, चाक कधी सुरू केलं? खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे घराची किल्ली असते. त्यांना फोन केला असता तर त्या एका मिनिटात वर जाऊन बघून आल्या असत्या. हे तिला आता सुचलं होतं असं नाही. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. ते माहीत असताना तिनं काच घासली होती.

ती ताडकन उठली. एप्रन सोडला, मफलर ओढला. त्याच क्षणी मालकीणबाई दारात.

"मग? काय ठरलं?"

"येते," ती म्हणाली.

घरी जाऊन येते, असं म्हणायचं होतं. की नव्हतं? शब्द तोंडातून सुटला आणि मध्येच उभा राहिला, दोन्हीकडे तोंड करून. मालकीणबाईंनी तो उचलला, तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मला ठाऊक होतं! बाई गं, केवढं ओझं उतरवलंस माझं." त्या लगेच फोन लावायला बाहेर गेल्यासुद्धा. दुरुस्त करायला वेळ होता. त्या बोलत असताना, बोलून झाल्यावर, चहा पाठवला तेव्हा. तिनं चहा घेतला.

आणि ती घरी गेली नाही. मफलर गळ्यात घालून ती पुन्हा चाकापाशी बसली. गेलं तर कळेल. न गेलं तर अजून काहीच झालेलं नाही. तो आहेही, आणि ती मोकळीही आहे. पुन्हा फोन लावायला तिनं दोनदा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा दुसरी फ्रेम उचलली. बोटं गार पडली होती. गरम हवेवर ती धरायचं तिला सुचलं नाही.

दुकान बंद झालं तेव्हा धुकं पुन्हा खाली उतरलं होतं. कोट चढवून ती जवळजवळ धावत निघाली, कोपऱ्यावर आल्यावर मंदावली, पुन्हा धावली. खालून खिडकीत पिवळा डाग दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच आठवलं, दिवा सकाळी आपणच लावला होता. दिव्यावरून काही कळत नाही. जिन्यात खालच्या काकूंचं दार बंद, आत कुणाच्या तरी बोलण्याचा नेहमीचा आवाज. म्हणजे काही झालं नसेल. किंवा कुणाला कळलं नसेल. किल्ली फिरली, दार फुगलं होतं, तिनं खांदा लावला.

आत नुसती हीटरची घूं घूं. मग काहीच नाही... मग शिट्टी.

सुटले, असं वाटलं. हेच वाटलं, दुसरं काही नाही, तिनं स्वतःला बजावलं. पण त्या सुटकेच्या मागून आणखी काहीतरी आलं, जड पायांनी, आणि येऊन तिच्याशेजारी उभं राहिलं. तिनं तिकडे पाहिलं नाही.

"आलीस?" अण्णानं खुर्चीतून विचारलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाहेर तलाव नव्हता, रस्ता नव्हता, काही नव्हतं.

"फोन का नाही उचललास?"

"वाजत होता."

"ऐकू येत होता?"

"फुप्फुसं गेलीत बारके, कान शाबूत आहेत."

"मग?"

तो बराच वेळ श्वास जमवत राहिला. "रोज हजेरी देऊन कंटाळा आला. म्हटलं, एक दिवस दांडी मारावी. बघावं काय होतं ते."

"बघावं म्हणजे? मी केवढी घाबरले असेन, काही —"

असेन. तिला तो शब्द ऐकू आला. त्यालाही आला असणार. कान शाबूत होते. मान वळवून त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, तेव्हा तलावाच्या पायऱ्यांवरून पाहिलं होतं तसं.

"नेहमीच्या वेळेलाच आलीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. "बरं झालं."

"काय बरं झालं?"

त्याचं उत्तर खोकल्यात गेलं. ती पुढे झाली, हात आपोआप त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध गेला. खोकला आला, उसळला, ओसरला. हात तिथंच राहिला. हाताखाली पाठ वर येत होती, खाली जात होती, आणि ती ते मोजत नव्हती. ती वाट पाहत होती, त्यानं पुढचं विचारण्याची. आज दुकानात काय झालं? एवढंच त्यानं विचारायचं होतं. उत्तराची भीती नव्हती, हे तिला आश्चर्यानं जाणवलं. भीती वेगळीच होती. तो विचारणारच नाही याची.

"कोट काढ की," अण्णा म्हणाला. "घरातच आहेस."

"काढते," ती म्हणाली, आणि वरच्या बटणावर बोटं ठेवून तशीच उभी राहिली.