द्राक्षांच्या डोंगरातला उतार

भावकूनं सायकल उलटी केली, सीट आणि हँडल पेंढ्यांवर टेकवलं, साखळीचे दोन दुवे मागच्या दात्यांवर बसवले आणि पायडल हातानं हळूच फिरवलं. खट् खट् करत साखळी आपल्या जागी गेली. चाक गरगरत राहिलं.

अर्धा तास त्याच साखळीशी झटून हात काळे करून घेतलेले मार्तंड मास्तर बघतच राहिले. बेळगावच्या एका हायस्कुलात ते भूगोल शिकवत. सुट्टी लागली की सायकलवर निघत, मोटारी फारशा न फिरणारे, झाडीतून चढउतारानं जाणारे रस्ते शोधत आणि वहीत त्यांचे नकाशे काढत. आज उजाडताना बेळगाव सोडून ते कणकुंबीला निघाले होते. जांबोटी मागं टाकल्यावर चढावर साखळी निसटली, आणि रस्त्यालगत भाताचं खळं दिसलं म्हणून सायकल ढकलत ते इथं आले होते.

"तुम्हाला हे कसं येतं हो?" त्यांनी विचारलं.

बोटांना लागलेलं वंगण भावकू पेंढ्यानं पुसत राहिला. वाडीत सायकल कुणाकडेच नव्हती. हात आपोआप पुढं गेले होते, आणि आता कुणी विचारील हे गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं होतं.

"पलटणीत खेचरांवर हुतो, मास्तर. मोठ्या लढाईत. फ्रान्सात."

"फ्रान्सात!" मास्तरांनी वही उघडली ती तशीच मांडीवर राहिली. "कुठल्या भागात?"

"मार्सेल्स बंदर हाय न्हवं, तितनं आत. लढाईत दमल्याली, जखमी झाल्याली खेचरं तिथं आणायचे. आमी त्यास्नी बरं करायचं आन परत धाडायचं. तोफा लई लांब ऱ्हायल्या."

शेवटचं वाक्य बोलून त्यानं खळ्यापलीकडच्या घराकडं नजर टाकली. खळं नागुबाईचं होतं. तिचा मुलगा मष्णू आणि भावकू एकाच दिवशी भरती झाले, एकाच बोटीनं गेले. परत आला तो एकटा भावकू. सरकारी कागदात मष्णू वारला एवढंच होतं. कसा, ते भावकूनं सांगितलं होतं, तोफेचा गोळा पडला म्हणून. त्या गोष्टीला आता चौदा वर्षं होत आली. दसऱ्याला वाडी पहिलं सोनं नागुबाईच्या हातात देई. आणि सुगी आली की भावकू आपलं भात सोडून आधी तिचं कापी, आधी तिचं मळी. मैत्राला जागणारा माणूस म्हणून लोक त्याचं नाव घेत.

"रस्ते कसे होते तिकडचे?" मास्तरांनी विचारलं.

ह्या चौदा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी विचारलं ते तोफांचं, गोऱ्या बायांचं, बोटीचं. भावकू उकिडवा बसला.

"तुमी शोधताय न्हवं, तसलेच. पांढरे, बारीक खडीचे. डोंगराच्या अंगानं वर चढायचे आन पलीकडं उतरायचे. दोन्ही बाजूला द्राक्षाचे मळे. वेली म्हंजे काय, कमरंएवढी झुडपं. आपण नाचणीची रोपं ओळीनं लावतो तशा ओळी, पार माथ्यापत्तोर. तासभर चाललं तरी माणूस भेटायचं न्हाय. पोरं सगळी लढाईवर गेल्याली. झाडातनं किड्यांची किरकिर तेवढी."

"आणि सायकल?"

"एक म्हातारा हुता मळेवाला. त्याच्या मळ्याला आमी खेचरांचं शेण घालायचो. त्याचा ल्योक लढाईवर गेलता, त्याची सायकल पडून हुती. आयतवारी आमाला द्यायचा. म्हंजे, चालवल्याबिगर गंजतीय, घेऊन जावा, असं हातानंच सांगायचा. मग आमी दोघं दिसभर हिंडायचो. ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावर. एकानं चालवायची, एकानं मागं बसायचं. चढ आला की दोघांनी ढकलायची."

"दोघं म्हंजे कोण रं?"

नागुबाई ताकाचा तांब्या घेऊन मागं उभी होती. कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. साठी उलटलेली, पण पाठीनं ताठ बाई. तिनं तांब्या मास्तरांच्या पुढं ठेवला, पण डोळे भावकूवरून काढले नाहीत.

"म्या आन मष्णू, काकी."

"मष्णूला सायकल येत हुती?"

"येत हुती."

"मला कदी बोलला न्हाईस."

भावकू खाली बघत होता. मास्तरांनी ताक तोंडाला लावलं आणि न पिताच खाली ठेवलं. काहीतरी आपल्यामुळं उघडं पडतंय एवढं त्यांना कळलं. ते सायकल उभी करायला उठले, तेव्हा नागुबाई म्हणाली, "बसा मास्तर. ताक पिऊन जावा." आणि मग भावकूला, त्याच आवाजात, "सांग."

"काय सांगू?"

"जे सांगाय नगं म्हणून सायकलीचं बोलला न्हाईस, ते."

भावकूनं पेंढीतली एक काडी ओढून घेतली. ती दोनदा मोडली. मग तो बोलला ते मास्तरांकडं बघून, जणू त्यांच्या वहीत लिहून घ्यायला सांगत होता.

"द्राक्षं काढायची सुगी हुती. आयतवार. लई उंच चढलो हुतो त्या दिवशी. माथ्यावरनं समुद्र दिसाय लागला, लांब, कासऱ्यासारका. उतरताना म्या चालवत हुतो. मष्णू मागं. म्या ब्रेक दाबून धरला हुता. त्यो म्हणाला, सोड रं, सोड जरा. हात दोन्ही आडवे केल्ते त्यानं. म्या सोडला." त्यानं मोडलेली काडी टाकून दिली. "वळणाच्या आड गाडी उभी हुती, द्राक्षाच्या पाट्यांची. म्या हँडल मारलं. म्या वेलीत पडलो. त्यो दगडी बांधावर."

खळ्यावर बैल उभे होते. एकानं मान हलवली, घुंगूर वाजले.

"गोळा न्हवता, काकी. कसलाच न्हवता. म्या ब्रेक सोडला."

नागुबाई खळ्याच्या कडेच्या दगडावर बसली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"अंग आख्खं हुतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"त्याचं अंग. आख्खं हुतं काय?"

"आख्खं हुतं. कानामागं तेवढी जखम. तोंडाला ओरखडा न्हवता."

"हात, पाय?"

"सगळं."

"आंघोळ कुणी घातली?"

"म्याच. म्हाताऱ्यानं पाणी तापवून दिलं. त्याच्या ल्योकाचा सदरा काढून दिला, धुतल्याला."

नागुबाईनं मान हलवली.

"रस्त्याच्या कामाला सुरुंग लावत्यात," ती म्हणाली, "तवा मी दार लावून घ्येते. चौदा वर्सं. माझं पोरगं मी तुकड्यातुकड्यात बघत आले, भावकू. हात एका ठिकाणी, पाय एका ठिकाणी. जेवताना बघितलं. देवापुढं बघितलं. आन तू हितंच हुतास, माझ्या खळ्यावर."

"मला वाटलं," भावकू म्हणाला, "लढाईत गेला म्हटलं तर तुला जरा…"

"तुला वाटलं." ती उठली. "सोड म्हणाला तवा हासत हुता काय त्यो?"

"मोठ्यानं. वरडत हुता. गाणं म्हंल्यागत."

ती घरात गेली. मास्तरांनी ताक संपवलं, तांब्या उपडा ठेवला. वही पिशवीत घालताना ते हळू आवाजात म्हणाले, "मी नको होतं विचारायला."

"न्हाय मास्तर. कुणीतरी इचारायलाच पायजे हुतं." भावकूनं सायकल रस्त्यापर्यंत नेऊन दिली. "फुडं मोठा उतार हाय. ब्रेक बघून घ्या."

मास्तर वळणापलीकडं दिसेनासे झाले तरी तो रस्त्यावरच उभा होता. परतावं की घरी जावं, त्याला कळेना. भात अर्धं मळायचं राहिलं होतं. दारात नागुबाई दिसली नाही. शेवटी तो खळ्यावर आला, बैलांच्या मागं लागला. वर बघायचं त्यानं टाळलं.

तिसऱ्या की चौथ्या फेऱ्याला कुंपणापलीकडून मनुबाईचा आवाज आला. शेजारची मनुबाई सायकल आलीय म्हणून ऐकून हातातलं काम टाकून आली होती.

"गेली काय गं सायकल? बघाय आलते."

"गेली की," नागुबाईचा आवाज आला. ती केव्हा बाहेर आली होती कोण जाणे. चेहरा धुतलेला होता. "आगं, आमच्या मष्णूला येत हुती सायकल. फ्रान्सात शिकलता."

"व्हय?"

"डोंगरातनं हिंडायचा, द्राक्षाच्या मळ्यातनं. आयतवारी. गोळ्यानं न्हाय गं गेला त्यो. सायकलीवरनं पडला, उतारावर. आजच कळलं मला."

बैल चालत होते. भावकू थांबला होता. आता ह्यापुढचं वाक्य काय असणार ते त्याला ठाऊक होतं. उद्या ते पाणवठ्यावर जाईल, परवा जांबोटीच्या बाजारात. कासरा त्यानं मुठीत आवळून धरला.

"आगं बया," मनुबाई म्हणाली. "आन भावकू कुठं हुता तवा?"

नागुबाईनं खळ्याकडं पाहिलं. क्षणभरच. मग कुंपणावर वाळत घातलेलं लुगडं ओढून घडी घालायला लागली.

"त्यो छावणीत हुता," ती म्हणाली. "खेचरांस्नी पाणी पाजत. एकटाच गेलता मष्णू."