बाद ठरवलेला स्कॅन

अर्धशिशीनं तिला वीस वर्षं छळलं होतं. धंदा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवायची, आणि महिन्यातले बारा-बारा दिवस दुकान बंद ठेवून अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. नवऱ्याची धाकटी बहीण, जिला घरात सगळे बेबी म्हणत, इस्पितळात स्कॅनच्या मशिनवर कामाला होती. तीच एकदा म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे एक अभ्यास चाललाय. कानाला छोटं यंत्र लावायचं, ते नसेला विजेचे बारीक ठोके देतं. कुणाला गुण येणार हे आधीच मेंदूच्या स्कॅनवरून ओळखता येतं का, ते आमचे डॉक्टर बघतायत. येताय?"

ती गेली. पाऊण तास त्या खडखडणाऱ्या नळकांड्यात पडून राहिली. बाहेर आल्यावर बेबी हसली. "जरासुद्धा हलला नाहीत. असे पेशंट मिळाले तर माझं काम निम्म्यावर येईल."

यंत्राचा गुण आला. पहिल्या महिन्यात आठ दिवस डोकं दुखलं, तिसऱ्यात तीनच. रोजची नोंद ती वहीत करत होती. चौथ्या महिन्यात इस्पितळाची चिठ्ठी आली: स्कॅनच्या वेळी हालचाल झाल्यामुळे आपलं नाव वगळण्यात आलं आहे, यंत्र परत करावं.

"पण मला बरं वाटतंय, डॉक्टर," ती म्हणाली.

"आनंद आहे. चित्रं मात्र अस्पष्ट आहेत, माझा नाइलाज आहे," कागदावरून मान वर न करता डॉक्टर म्हणाले.

यंत्र टेबलावर ठेवून ती थेट बेबीकडे गेली. "मी हलले होते का गं?"

बेबीनं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाली, "नाही. तुमच्या स्कॅनवरून तुम्हाला यंत्राचा उपयोग होणार नाही असा अंदाज निघाला होता. तुम्ही बऱ्या झालात आणि सरांचं गणित बिघडलं. असे आणखी दोघं आहेत. सरांनी मला 'हालचाल झाली' असा शेरा लिहायला सांगितलं. मला नोकरीत कायम करायचं त्यांच्याच हातात आहे, वहिनी."

"म्हणजे माझ्यासारखा स्कॅन निघाला की पुढे कुणाला यंत्र मिळणारच नाही."

बेबी पुढच्या पेशंटला बोलवायला उठली.

डॉक्टर परका माणूस, त्याचा तिला राग आला. बेबीचं मात्र तिच्या जिव्हारी लागलं. हिच्याच शब्दावर विसंबून तिनं आपलं डोकं त्या मशिनमध्ये घातलं होतं.

तिनं इस्पितळाच्या समितीकडे अर्ज केला, सोबत वही जोडली. नवरा म्हणाला, "घरातली गोष्ट घरात राहू दे. पोरीची नोकरी जाईल."

"माझं डोकंही याच घरातलं आहे," ती म्हणाली.

समितीपुढे बेबीनं खाली बघत सांगितलं, "पेशंट हलली होती." वहिनी शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

समितीनं तिघांचीही चित्रं बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवली. ती स्वच्छ निघाली. तिघांची नावं परत आली, डॉक्टरांना समज दिली गेली. यंत्र मात्र मिळालं नाही, कारण तोवर अभ्यास संपला होता. पुन्हा महिन्यातले दहा दिवस दुकान बंद राहू लागलं.

बेबीनं पोटासाठी केलं म्हणून समितीनं तिला सांभाळून घेतलं. ती अजून घरी येते. वहिनी तिला पाणी देते, तब्येतीचं विचारते आणि दुकानात काम आहे असं सांगून बाहेर पडते.