संबोधी मोठी झाली

संबोधीला पाळी येण्याची धास्ती तिच्या आईनं, स्वप्नानं, पोर अगदी लहान असल्यापासून मनात धरली होती.

हिरड्यांतलं रक्त काही केल्या थांबेना, म्हणून पोरीला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा तपासण्या बघून डॉक्टरांनी विचारलं होतं, तुम्ही दोघं नात्यातले आहात का. नवरा रत्नदीप हा स्वप्नाच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. ती हो म्हणाली. मग डॉक्टरांनी समजावलं, की रक्त थांबवणाऱ्या पेशी, प्लेटलेट्स, हिच्या अंगात आहेत, पण त्या एकमेकींना धरत नाहीत. आईबाप दोघांकडूनही तोच दोष आला तर असं होतं. औषधानं बरं होणारं दुखणं नव्हे हे. मुलगी आहे, वयात येईल तेव्हा जपा.

कांताआत्यानं भावाची पोर हट्टानं सून करून आणली होती. बाहेरची आपल्याला जीव लावणार नाही, असं ती तेव्हा सगळ्यांना सांगायची. त्या दिवसानंतर मात्र तिनं लग्नाचा विषय कधी काढला नाही.

कळव्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत टेबल-कपाटांचे कोपरे फोमनं गुंडाळलेले असायचे. संबोधीला खो-खो नाही, सायकल नाही. नाकातून रक्त सुरू झालं की हॉस्पिटल, तिथे दुसऱ्या कुणाच्या प्लेटलेट्स चढवायच्या, घरी यायचं. दुसऱ्या मुलाचा विचार नवरा-बायकोनं सोडून दिला. ते निरोगी होण्याचीच शक्यता जास्त, असं डॉक्टर म्हणालेले. पण दोघांचीही छाती झाली नाही.

संबोधी सातवीत असताना एका दुपारी शाळेतून फोन आला. स्वप्ना घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात रिसेप्शनला होती. ती तशीच निघाली, पण रिक्षा माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडली. शाळेत पोचली तेव्हा संबोधी बाकावर पाय जुळवून बसली होती, खाली कुणीतरी चादर घातली होती. वर्गशिक्षिका नवीन होत्या. सुरुवातीला मुली घाबरतातच, असं त्या हसून म्हणाल्या.

"आई, बाई म्हणतात मी मोठी झाले," संबोधी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

हॉस्पिटलात या खेपेला प्लेटलेट्स लागू पडेनात. इतकी वर्षं परक्या प्लेटलेट्स घेऊन तिचं शरीर आता त्या आल्या आल्या मारून टाकायला शिकलं होतं. रक्ताच्या पिशव्या चढत होत्या, खालून जात होतं. शेवटी पाळी रोखायच्या गोळ्यांनी हळूहळू ओसरलं.

डॉक्टरांनी आईबापांना बाहेर बोलावून घेतलं. या गोळ्यांवर किती काळ निभेल, सांगता येत नाही म्हणाले. गर्भाशय काढायचं तर कापावं लागणार, आणि कापल्यावर रक्त थांबवायचं कसं, हाच प्रश्न. बोन मॅरो बदलता येतो, पण त्याला जुळणारा माणूस लागतो.

"सख्खं भावंड आहे का?"

"नाही," रत्नदीप म्हणाला.

संध्याकाळी कांताआत्या डबा घेऊन आली. वॉर्डाच्या दारातच उभी राहिली. नातीकडे बघवेना तिला.

"हे माझ्यामुळं झालं गं," ती म्हणाली.

तुला काय ठाऊक होतं आत्या, हे वाक्य स्वप्नाकडे कित्येक वर्षं तयार होतं. आता ते तिच्या तोंडून निघेना. तिनं आत्याच्या हातातला डबा घेतला आणि ती आत गेली.

घरी आणल्यावर संबोधीनं विचारलं, हे दर महिन्याला होणार का. गोळ्या आहेत ना, असं सांगून स्वप्ना तिच्या केसांना तेल लावत राहिली. पुढे गोळ्या वाढवल्या. पोरीचं तोंड सुजलं, शाळा सुटत गेली. मैत्रिणी आधी भेटायला यायच्या, मग मेसेज करू लागल्या, मग तेही कमी झालं.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा संबोधी सकाळपासून गादीवरून उठली नाही. गोष्टीचं पुस्तक वाचतेय म्हणाली. पान उलटल्याचं काही दिसेना, म्हणून स्वप्नानं जवळ जाऊन पांघरूण ओढलं. पोरीनं ते घट्ट धरून ठेवलं. हात गार होते.

"कधीपासून?"

"काल." मग जरा थांबून ती म्हणाली, "थोडंच आहे आई. नको ना नेऊस. तिथं गेलं तरी थांबत नाही."

स्वप्ना गादीच्या कडेला बसली. थांबत नाही, हे पोरीचं काही खोटं नव्हतं. तिनं संबोधीचे हात आपल्या दोन्ही हातांत चोळले, ऊब येईना. रत्नदीप दारात येऊन उभा होता. त्याला सांगावं लागलं नाही. तो चप्पल घालून रिक्षा आणायला खाली गेला.

स्वप्नानं तिला कपडे बदलायला उठवलं. तिच्या खांद्यावर भार टाकून संबोधी उभी राहिली आणि रडायला लागली. आवाज न करता, कुणाला त्रास होऊ नये अशी.