मेलेल्या काकांचे मासे

स्फाक्स शहरात उमैमाइतक्या झपाट्याने गोष्टी तपासणारं दुसरं कुणी नव्हतं! तिचा मामेभाऊ वलीद संगणकाला गोष्टी लिहायला शिकवत होता. त्याने लिहिलेल्या गोष्टीतली वाक्यं एकमेकांशी जुळतात की नाही, हे वाचून सांगायचं काम शाळा सुटल्यावर तिचं. ती मात्र पहिलं आणि शेवटचं वाक्य बघून 'जुळते' अशी खूण ठोकून द्यायची, आणि संगणक त्या खुणांवरूनच शिकायचा.

आज संगणकाने लिहिलं, 'मंगळवारी ताहेरकाकांना दफन केलं. गुरुवारी काकांनी बाजारातून मासे आणले आणि हरिसा चटणी फार तिखट झाली म्हणून कुरकुर केली.'

उमैमाला हसू फुटलं, पण वलीदचा उतरलेला चेहरा बघून तिने ते आवरलं.

"आठवडा झाला, संगणक असंच लिहितोय आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही," तो म्हणाला. "माझीच अक्कल कमी पडतेय. तू तर बिचारी मान मोडून वाचतेस."

"दादा, मी वाचतच नव्हते," ती पुटपुटली. "चारशेच्या चारशे गोष्टींवर नुसत्या खुणा केल्या. मेलेला माणूस बाजारात जातो, हे संगणकाला मीच शिकवलं."

"म्हणजे आठवडाभर मी उगाच भिंतीवर डोकं आपटत होतो?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त पहिली गोष्ट उघडून तिच्यापुढे सरकवली. उमैमाने मान खाली घातली आणि पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.