मनुबाईंचा आवाज आणि वायफायचे दोन डबे

आकारामतात्यांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, त्या सोमवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पलूसच्या पुढं उसाच्या पट्ट्यात पंचवीस घरांची ही वस्ती. त्यातली वीस घरं सोप्यात बसली होती आणि उरलेली खिडकीच्या गजांना धरून उभी होती. मधल्या खुर्चीवर तरंगबाबा. पुढं पाटावर नारळ, पाच लिंबं आणि तात्यांचा मोबाईल. मोबाईलवर एवढं हळदकुंकू पडलं होतं, की त्यावर काय दिसतंय ते फक्त बाबांनाच दिसत होतं.

“माणूस जातो. बॉडी जाती. पण शिग्नल ऱ्हातो!” बाबांनी डोळे मिटून सांगितलं. “बाईचा शिग्नल ह्या घरात अडकलाय. लाईटीची लहर त्याला आडवी येती. मेन स्विच पाडा!”

शेजारच्या भाऊसोनं उडी मारून मेन स्विच पाडला. पंखे थांबले. बाबांनी कुठल्याच भाषेत न बसणारा मंत्र म्हटला, एक लिंबू कापलं आणि स्विच वर करायला लावला. पाच मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. मग बाबांनी मोबाईलवर बोट टेकवलं.

जात्याची घरघर ऐकू आली. पाठोपाठ मनुबाईंचा आवाज.

“आगं बया, मनाक्का बोलली!” म्हणत रंगूबाईंनी हंबरडा फोडला. भाऊसोनं बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. तात्यांच्या बायकोला, मनुबाईंना, जाऊन सात महिने झाले होते.

तात्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि भरलेल्या डोळ्यांनी माणसाला नीट दिसत नाही.

हा आवाज कुठला, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी सांगलीच्या एका कॉलेजातल्या अश्लेषाबाई जात्यावरच्या ओव्या गोळा करत वस्तीवर आल्या होत्या. मनुबाईंच्या बावीस ओव्या त्यांनी रेकॉर्ड केल्या आणि ओव्यांच्या वेबसाइटवर ठेवल्या. नवव्या ओवीत मनुबाई मध्येच थांबतात आणि नवऱ्याला विचारतात, “आवं, म्हशीला पाणी दावलं का?” तात्या वेबसाइट उघडायचे ते ओवीसाठी नाही, ह्या एका वाक्यासाठी. म्हैस विकून दोन वर्षं झाली होती.

अडचण अशी, की ही वेबसाइट कधी उघडायची, कधी नाही. बाकी सगळं चालायचं. क्रिकेट चालायचं, भजन चालायचं, नात अंकिताचं घरून चालणारं ऑफिस चालायचं. नडायच्या फक्त मनुबाई. तात्या फौजेतून हवालदार म्हणून उतरलेले, त्यामुळं त्यांनी वहीत नोंद ठेवली होती: ‘०६१० – न्हाई. ०९४० – आली. ०६०५ – न्हाई.’ रंगूबाईंनी वही न बघताच निदान केलं, “मनाक्काचं कायतरी मागं ऱ्हायलंय. रुसलीय ती.” आणि भाऊसो वडूजकडनं तरंगबाबांना जीपमध्ये घालून घेऊन आला.

“बाबांनी हिमालयात बारा वरीस तप केलंय, तात्या,” तो म्हणाला.

तात्यांची स्वतःची सहा वर्षं लडाखात गेली होती. “कुठल्या अंगाला, बाबा?”

“हिमालयाला अंग नसतं, बच्चा.”

“आन् थंडीला काय घालायचासा?”

“श्रद्धा!”

सोपा धन्य झाला. एवढ्यात बाबांनी परत डोळे मिटले. “बाईच्या अंगावरचा एक दागिना ह्या घरात हाय.”

दागिना मागं न ठेवता गेलेली बाई वस्तीत शोधून सापडली नसती, तरी सगळ्यांनी आश्चर्यानं एकमेकांकडं बघितलं.

“बोरमाळ!” रंगूबाईंनी बाबांचं काम हलकं केलं.

“व्हय, बोरमाळच दिसतीया मला. बाईची वासना तिच्यात गुतलीय. गाळून शुद्ध करायला पायजे. विट्याला माझा एक गलाईवाला भक्त हाय, सोनं गाळण्यात त्याचा हात धरणारा न्हाई कुणी. शनिवारी येतो न्यायला. न्हाई दिली, तर हा आवाज कायमचा बंद!”

बोरमाळ अंकिताची होती. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मनुबाईंनी तात्यांकडून तसं वदवून घेतलं होतं. “अंकीचीच. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची न्हाई. म्हणा बघू.” तात्यांनी म्हटलं होतं.

मंगळवारी सकाळी सहाला तात्या नेहमीप्रमाणं आतल्या खोलीत मनुबाईंच्या फोटोपुढं चहाचा कप ठेवून बसले. वेबसाइट उघडली नाही. बुधवारीही नाही. चहा दोन्ही दिवस गार झाला.

“अंकी, बोरमाळ काढून ठेव,” ते म्हणाले.

“आबा, तुमी आजीला शब्द दिलाय.”

“तिचा आवाजच गेला, तर शब्द कुणाला दिला म्हणू मी?”

अंकिता उठली. तिनं बाहेर जाऊन अश्लेषाबाईंना फोन लावला.

शनिवारी बाबांची जीप आणि बाईंची स्कूटर एकाच वेळी दारात उभी राहिली. वस्ती आधीच जमली होती. बोरमाळ पाटावर, लाल कापडात. बाईंनी हेल्मेट काढलं, मनुबाईंच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाल्या, “तात्या, वही दाखवा.”

वही बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला. “सकाळी सहाला तुम्ही कुठं बसता?”

“आत. तिच्या फोटोपुढं.”

“आणि पावणेदहाला?”

“हितं सोप्यात. पेपर वाचत.”

“वेळ लिहिलीत. जागा लिहिली नाहीत.”

तात्यांनी वही परत घेऊन पानं उलटली. सहा वर्षं सीमेवर नोंदी ठेवलेल्या माणसाला ही चूक मनाला लागली.

बाईंनी तात्यांचा मोबाईल पुसून हातात घेतला. सोप्यात वेबसाइट उघडली. मग त्या आतल्या खोलीत गेल्या, सगळी वस्ती त्यांच्या मागं. फोटोपुढं थोडा वेळ थांबल्या आणि परत उघडायला गेल्या. उघडेना.

“बघा!” बाबा गरजले. “फोटोसमोर शिग्नल आवळतो! रुसवा हाय बाईचा!”

बाईंनी मोबाईलचं वायफाय बंद केलं आणि सिमकार्डाच्या नेटवर तीच वेबसाइट लावली. तिथंच, फोटोपुढं, जात्याची घरघर सुरू झाली.

“म्हणजे मनुबाईंचा रुसवा फक्त वायफायवर आहे. सिमकार्डावर नाही,” बाई म्हणाल्या. खिडकीतून कुणीतरी फिसकन हसलं.

“मॅडम, ह्यात लय खोल शास्त्र हाय,” बाबा म्हणाले.

“असेल. वायफायचा डबा कुठं आहे, अंकिता?”

“सोप्यात. मी राहायला आले तेव्हा नवीन बसवला.”

“मग ह्या कोनाड्यात काय आहे?”

कोनाड्यात क्रोशाच्या रुमालाखाली जुना डबा लुकलुकत होता. त्यावर खंडेनवमीचं गंध अजून होतं. रुमाल मनुबाईंनी विणला होता, गंधही त्यांनीच लावलं होतं. नवीन डबा बसवायला आलेला पोरगा जुना काढून नेणार होता. तात्या म्हणाले होते, “तिनं ठेवलाय. ऱ्हाऊ दे.” पोरगा शहाणा. भिंती जाड आहेत, आत रेंज मिळेल, म्हणून त्यानं जुना डबा नव्याला वायरनं जोडला आणि दोघांना एकच नाव, एकच पासवर्ड दिला.

“म्हणजे सोप्यात फोन नवा डबा धरतो आणि आत आला की जुना,” बाईंनी सांगितलं. “नव्या डब्यावर वेबसाइट उघडते. जुन्यावर का उघडत नाही, ते बघू.” त्यांनी लॅपटॉप उघडला, डब्याला जोडला आणि थबकल्या. “तात्या, म्हशीचं नाव काय होतं?”

“चंद्री. का?”

“डब्याच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड मनुबाईंनी ठेवला होता.”

चंद्री चालली. पडद्यावर एक यादी आली. यादीत एकच ओळ होती. बाईंनी ती दोनदा वाचली आणि कपाळावर हात मारला.

“भूत सापडलं. मीच घालून गेले होते.”

सगळे जवळ सरकले. बाबासुद्धा.

“ओव्या वेबसाइटवर ठेवल्या त्या दिवशी वेबसाइटचं नाव सगळीकडं पोचलं नव्हतं, एक दिवस लागणार होता. मनुबाई म्हणाल्या, ‘आजच ऐकवा.’ म्हणून मी वेबसाइटचा पत्ता, म्हणजे ती ज्या मशीनवर होती तिचा नंबर, ह्या डब्यात हातानं लिहून ठेवला, आणि विसरून गेले. गेल्या आषाढात आम्ही वेबसाइट दुसऱ्या मशीनवर हलवली. पत्ता बदलला. साऱ्या जगाला नवा पत्ता कळला, पण हा डबा अजून रिकाम्या घराच्या दारात उभा राहून हाका मारतोय. बाकीचे पत्ते त्यात कुणी लिहिलेले नाहीत, म्हणून क्रिकेट चालतं.”

“मग बाबांनी मेन स्विच पाडला तवा कशी बोलली मनाक्का?” रंगूबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

“लाइट गेली की फोन डबा सोडतो. परत आली की जवळचा धरतो. तुम्ही बसला होता सोप्यात, तिथं जवळ नवा. कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन केला असता, तरी त्यांनी हेच सांगितलं असतं, बंद करून चालू करा. आणि बोरमाळ मागितली नसती.” त्या बाबांकडं वळल्या. “लिंबू कापा, मंत्र म्हणा, पण इथं ह्या कोनाड्यापुढं आणि स्विच न पाडता वेबसाइट उघडून दाखवा. उघडली तर बोरमाळ तुमची.”

बाबांनी लिंबू कापलं. मंत्र म्हटला. दुसरं लिंबू कापलं.

“आज अमावस्येचा प्रभाव...” त्यांनी सुरुवात केली.

“अमावस्या व्हायला अजून पाच दिस हायती,” भाऊसो बोलून गेला आणि स्वतःच दचकला.

मघाशी खिडकीत हसू फुटलं होतं, ते आता खोलीभर झालं. बाबा लिंबं तिथंच सोडून जीपकडं निघाले. तात्यांनी लाल कापड उचलून अंकिताच्या हातात दिलं.

“भाऊसो, मला लाज वाटती ती त्या बाबाची न्हाई, माझी,” तात्या म्हणाले. “चाळीस वरसांत तिनं माझ्याकडं एक लुगडं मागून घेतलं न्हाई. ती मेल्यावर बोरमाळ मागंल? एवढं तरी मी इचारायला पायजे होतं. दुःखात माणसाचं डोकं चालत न्हाई, आन् असली माणसं नेमकी तवाच दारात येत्यात. गड्यांनो, तुमच्यावर अशी येळ आली, तर आदी बघा कधी हुतंय, कुठं हुतंय, कुठं हुत न्हाई. जागा लिवा. मी लिवली न्हाई.”

मग ते बाईंकडं वळले आणि हळूच म्हणाले, “त्यो डबा काढायला लागंल व्हय?”

“नाही, तात्या. चुकीची एक ओळ पुसायची. डबा राहू दे.”

बाईंनी ओळ पुसली. अंकितानं रुमाल झटकून परत घातला.

रविवारी सकाळी सहाला तात्यांनी फोटोपुढं चहा ठेवला आणि नववी ओवी लावली. हे रेकॉर्डिंग आहे, आत्मा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सांगलीतून, पत्ता शोधत, वायरीवरून आलेला आवाज. जातं थांबलं.

“आवं, म्हशीला पाणी दावलं का?”

“दावलं गं,” तात्या म्हणाले आणि चहा गार व्हायच्या आत पिऊन टाकला.