जित्यांना घातलेले पिंड

सांगके नदीच्या काठाने जी वाट जाते, तिच्या दोन्ही अंगांना बांबूच्या ताटव्यांवर तांदळाच्या पातळ पापड्या वाळत असतात. त्या वाटेचं शेवटचं घर सेम आजीचं. बाई पंचाहत्तरीची, डोकं तासलेलं, अंगात पांढरा सदरा, गालात पान. विहाराच्या आवारात अशा उपासिका ढिगाने दिसतात. पण गळा म्हणाल तर तो एकटीचाच. तिने स्मोत धरलं, म्हणजे धर्माचं पद आळवायला घेतलं, की चिंचेवरची वटवाघळंसुद्धा गप्प होतात असं जुनी माणसं सांगत. खोटं नसावं. कोरडा उपदेश कानाच्या पाळीशीच अडखळतो. सुराला मात्र आत जायची वाट ठाऊक असते.

बुद्धाने घर सोडलं ते पद, आईच्या दुधाच्या ऋणाचं पद, ही आजी कुणालाही गाऊन दाखवी. एक पद मात्र राखून होती. निरोपाचं पद. ते फक्त मरणाऱ्याच्या उशाशी बसून गायचं, त्याच्या जिवाचा हात सुराने धरायचा आणि त्याला उंबऱ्यापर्यंत पोचवून यायचं. भल्याचंग्या माणसासमोर ते गाणं म्हणजे जित्या माणसाला दार दाखवणं. गुरूसमोर पाच मेणबत्त्या लावून तिने तशी शपथ घेतली होती आणि पन्नास वर्षं पाळली होती.

आता ते पद ती वुथाला देणार होती. वुथा तिचा एकुलता एक शिष्य. पंधराव्या वर्षी आईबापांविना दारात आला, तो तिच्याच ताटात जेवून मोठा झाला. आता तिशी ओलांडलेला बाप्या, स्वतःची टुकटुक रिक्षा बाळगून परदेशी पाहुण्यांना खेड्यापाड्यांतून हिंडवायचा. एक पाहुणा, एक गाडी, एक दिवस. सकाळी ताडगुळाची भट्टी, मग बांबूत शिजलेला भात, मग पापडीवाल्या बायका, आणि कधीमधी, दिवस कलताना, आजीचं घर. उद्या पौर्णिमा. उद्या तो गुरुपूजेचं तबक घेऊन येणार होता.

“आजी, तुझी वेळ येईल ना, तेव्हा तुझ्या उशाशी मीच गाणार,” तो म्हणायचा.

“चुकलास तर उठून बसेन हं, मेल्या.”

“मग तर मुद्दाम चुकेन!”

या एका बोलीवर म्हातारीचं मरण निर्धास्त होतं.

त्या दिवशी सकाळीच दारात टुकटुक थांबली. पण वुथाची नव्हे. तीतून टुणकन एक मुलगी उतरली, गळ्यात गाइडची पाटी.

“आजी, मी मालिस, शहरातून आले. आधी ती कोंबडी आवरा हो, पाहुण्यांच्या बुटाची नाडी ओढतेय!”

“किडा समजत असेल. थांब, हुसकते.” आजी हसत बांबूच्या माच्यावरून उठली, आणि उठली तशीच थिजली.

मुलीच्या मागून एक आडदांड गोरा पुरुष येत होता, सोबत त्याची बायको. त्याच्या कपाळावर सुपारीएवढा लाल डाग होता. तो डाग आजी कशी विसरेल? चार वर्षांपूर्वी वुथाने त्याला इथेच, याच माच्यावर आणून बसवलं होतं. कानाशी लागून म्हणाला होता, “आजी, याच्या मेंदूत गाठ आहे. परतीच्या विमानात तरी चढतो की नाही, कोण जाणे. मरणापूर्वी धर्माचा एक सूर कानी पडावा एवढंच मागणं आहे त्याचं.” आजीचं आतडं तुटलं होतं. तिने निरोपाचं पद गायलं होतं, सगळंच्या सगळं. तो माणूस ढसाढसा रडला होता.

आणि तोच आता खो खो हसत दोन्ही हात जोडून उभा होता. पोट सुटलं होतं. आजीने जवळ जाऊन त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला. तो आणखीच हसला.

“हाडामांसाचाच आहे गं,” आजी पुटपुटली. “मालिस, विचार त्याला, गाठ कुठे गेली?”

“कसली गाठ?” मालिसने विचारलं, ऐकलं, खांदे उडवले. “ते म्हणतात, आयुष्यात एक दात काढलाय, बाकी आजार ठाऊक नाही. आजी, हे सांगताहेत की तुम्ही यांना शंभर वर्षं जगण्याचा आशीर्वाद गाऊन दिला होता. घरी गेले तेव्हापासून सगळं चांगलंच झालं. म्हणून बायकोलाही आशीर्वाद हवाय.”

“शंभर वर्षं? असं कोण म्हणालं?”

“म्हणजे... वुथादादाच ना. शहरात त्यांच्या पाटीवर तुमचा फोटो आहे की. खाली लिहिलंय, शतायुष्याचा आशीर्वाद, आमच्या सहलीतच मिळेल.” मालिस हसत सांगत होती, पण आजीच्या चेहऱ्याकडे पाहून तिचं हसू मावळलं. “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

आजी हळूच माच्यावर टेकली. पानाचा डबा लवंडला, सुपारी मातीत सांडली. तिला हा एकटाच दिसत नव्हता. चार वर्षांत आठ जण. सगळे मरणाला टेकलेले, प्रत्येक वेळी तिच्या कानाशी वुथाचा तोच कळवळा. आणि दरवर्षी पितरांच्या पंधरवड्यात, गाव झोपेत असताना, म्हातारी उठायची, तीळ घालून चिकट भाताचे पिंड वळायची आणि विहाराला अनवाणी प्रदक्षिणा घालत अंधारात टाकायची. मागे कुणी नसलेल्या भुकेल्या जिवांसाठी. त्यात या आठांची नावं घ्यायची. परमुलखात मेले बिचारे, कोण आठवणार त्यांना, मीच आठवते. चार वर्षं जित्याजागत्या माणसांना ती मेलेल्यांच्या पंगतीत बसवत होती.

“मालिस, याचं नाव काय गं?”

“आन्सेल्म.”

“पेताँ नव्हे? वुथाने तर तेच सांगितलं होतं.”

“नाही हो. आन्सेल्म.”

आजी घरात गेली, पांढऱ्या सुताचं रीळ घेऊन आली. माणसाच्या अंगात एकोणीस प्राण वस्तीला असतात. भ्यायले, कुणी चुकून मेल्यांत मोजलं, की ते बिथरून रानोमाळ होतात. मग त्यांना नावाने हाका मारून परत आणायचं आणि मनगटाला सूत बांधून आत ठेवायचं. “या रे या, आन्सेल्मच्या प्राणांनो, या. नदीपलीकडून या, भुतांच्या ताटावरून उठा, घरी या,” आजीने एकेक करून एकोणिसांना बोलावलं. गाठ घट्ट बसली. बायकोलाही बांधलं. दोघं भारावून गेली.

“त्यांना सांगू का खरं काय ते?” मालिसने दबक्या आवाजात विचारलं. एव्हाना आजीने तिला सगळं सांगितलं होतं.

“नको. सांग, म्हातारीला बघून बरं वाटलं. ते काही खोटं नाही.”

निघताना मालिस पायरीशी घोटाळली. “आजी, मग ते पद... उद्या वुथादादांना देणार?”

आजीने रीळ पुन्हा उचललं. तिने सुताचे सात तुकडे कापले आणि मांडीवर ओळीने ठेवले. उरलेल्या सातांसाठी.

ऊन कलल्यावर ओळखीची घरघर आली. वुथाच. उद्याची वाट न पाहता आजच आला होता. हातात तबक: पाच मेणबत्त्या, पाच उदबत्त्या, विड्याच्या पानांचे सुळके, घडी केलेलं पांढरं वस्त्र. आणि गाडीत एक पोरगेली परदेशी बाई, भोपळ्याच्या वेलाचा फोटो काढण्यात दंग.

“आजी!” वुथाने तबक तिच्यापुढे ठेवलं, गुडघे टेकून तीनदा वंदन केलं. मग नेहमीचा कानाशी लागला. आजीने त्याला लागू दिलं. हे एकदा तिला उघड्या कानांनी ऐकायचं होतं.

“उद्यापर्यंत थांबवेना म्हणून तबक आजच आणलं. आणि ही पोरगी बघ. रक्त नासलंय. डॉक्टरांनी हात टेकले. फार तर दोन महिने.”

किती मऊ आवाज. डोळ्यांत पाणीसुद्धा. सूर कुठे कातर करायचा, श्वास कुठे तोडायचा, हे आजीनेच शिकवलं होतं त्याला. आज ती विद्या तिच्यावरच उलटलेली तिने ऐकली.

“सकाळी आन्सेल्म आला होता,” ती म्हणाली.

“कोण?”

“कपाळावर लाल डाग. तू पेताँ सांगितलंस तो. चांगला गलेलठ्ठ झालाय.”

वुथाचा चेहरा पापडीसारखा पांढरा पडला.

“आजी, रागावू नकोस. आधी ऐक.”

“ऐकतेच आहे. चार वर्षं ऐकतेच आहे.”

“खरं सांगितलं असतं तर तू गायली असतीस? नसतीसच. आणि बाकीची पदं त्यांना भिडत नाहीत गं. या पदाला मात्र दगडही रडतो. चोरी केली का मी? तुझा सूर चार देशांत पोचवला.”

“मरणाचं पद जगण्याचं म्हणून पोचवलंस.”

“त्यांना कुठे कळतंय!”

“मला कळतं ना रे.”

तो चिडला. चोर पकडला की चिडतोच. “गावात कोण ऐकतं तुझं? आता माणूस गेला की भोंगा लावतात, ध्वनिफीत वाजवतात. मागच्या तीन मयतांना तुला बोलावलं का कुणी? मी आणलेल्या माणसांनी ऐकलं तुला. रडली ती. आणि त्या दिवशी तू दोन घास जास्त जेवायचीस, आजी. मी पाहिलंय.”

हे वर्मी लागलं, कारण खरं होतं. वुथा म्हणाला की ‘आजी, एक जण मरणाला टेकलाय, आणतो,’ की तिला कणव यायची आणि त्याच कणवेच्या तळाशी एक हावरा आनंदही उठायचा: आज गायला मिळणार. परक्याच्या मरणावर आपण हरखत होतो! केसाने गळा कापायचा तर असा कापावा. केसाला धार आपल्याच हावेची.

तिने मांडीवरचे धागे उचलले. “माझा दोष मी विहारात जाऊन कबूल करीन. तू मला सात नावं दे. प्राणांना हाक मारायची तर नावाने मारावी लागते. कोण होते ते सात?”

वुथा तबकातल्या मेणबत्त्या सरळ करू लागला.

“मोन्तेल,” आजी आठवून म्हणाली. “ती तपकिरी केसांची. खरं नाव काय तिचं?”

“आजी...”

“चष्मेवाला दानेल. तो?”

“आठवत नाहीत गं. रोज नवी माणसं. तू नाव विचारायचीस, मी तोंडाला येईल ते सांगायचो.”

“मी पिंड टाकायची त्या नावांनी. तुला ठाऊक होतं.”

“हो.”

“तू मला भात वळू लागला होतास मागच्या वर्षी. माझे हात दुखत होते म्हणून.”

तीळ त्यानेच भाजले होते. शेजारी बसून, एकेका नावाला एकेक पिंड वळून दिला होता, आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. खोटं बोलला हे आजी एखाद्या जन्मी विसरली असती. पण मिटल्या डोळ्यांनी ती एकेक नाव घेत असताना तो शेजारी बसून बघत होता, हे मात्र खोल आत जाऊन रुतलं.

ती परदेशी पोरगी एव्हाना जवळ आली होती, संकोचून हात जोडून उभी. आजीने तिला खूण करून माच्यावर बसवलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “सेम.” मग बोट तिच्याकडे.

“ल्युसिया,” पोरगी हसून म्हणाली.

“लुसिया,” आजीने दोनदा घोकलं. खरं नाव, खुद्द मालकिणीच्या तोंडून. तिने एक धागा उचलला, मनगटाला गुंडाळला आणि आईच्या दुधाच्या ऋणाचं पद गायलं, जे कुणापुढेही गाता येतं ते. दगड रडला नाही. पोरगी मात्र डोळे मिटून शांत बसली होती, आणि शेवटी तिने मनगट गालाशी धरलं.

तेव्हा वुथा पुढे सरकला. गुडघ्यांवर बसला, आणि पोरसवदा असताना तापातून उठल्यावर करायचा तसा त्याने उजवा हात उलटा करून आजीपुढे धरला. मनगट उघडं.

आजीच्या मांडीवर सहा धागे होते.

तिने त्या हाताकडे पाहिलं. याच हातात तिने पहिलं पद ठेवलं होतं, याच हाताने आपली पापणी मिटावी असं तिला वाटलं होतं. तिने सहाही धागे गोळा केले, एकाला एक गाठ मारली आणि रिळावर गुंडाळून टाकले.

“तबक घेऊन जा, बाळा.”

“आणि उद्या?”

“उद्या पौर्णिमा. मी विहारात जाईन.”

“आजी, ते पद तुझ्याबरोबरच जाईल.”

“जाईल.”

त्याचा गळा दाटला. या वेळी खराच दाटला असावा. पण आता ओळखायचं कसं, हे आजीला ठाऊक नव्हतं. “आणि तुझ्या वेळी गं? तुझ्या उशाशी कोण गाईल?”

आजी वाकून मातीतली सुपारी एकेक वेचू लागली.

“भोंगा लावतील ना,” ती म्हणाली. “तूच सांगितलंस.”