एकविसावा रवा

आल्दो मोरेस्की मधुमतीला 'मिसेस वेद' म्हणायचा. वेदपाठक म्हणायला जीभ वळत नव्हती असं नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राजांची हातभर लांब नावं तो घडाघडा म्हणत असे. हिचं नाव पूर्ण घ्यायची गरज वाटत नव्हती, एवढंच.

लंडनच्या क्लर्कनवेलमध्ये त्याचं जवाहिऱ्याचं दुकान होतं, मागे कारखाना आणि वरच्या मजल्यावर त्याचा प्राचीन दागिन्यांचा संग्रह. गिऱ्हाईक जरा पैसेवालं दिसलं की हा त्याला वर नेऊन सुरू व्हायचा: इटलीतले एट्रुस्कन सोनार सोन्यावर मोहरीहून बारीक रवे बसवत, ती विद्या बुडाली, आणि तीस वर्षं खपून मी ती परत आणली. मागच्या खोलीत मधुमती तेव्हा तेच रवे बसवत असे. तोंडात फुंकणी होती म्हणून, नाहीतर तिने केव्हाच दोन शब्द सुनावले असते.

विद्या होती कोल्हापूरची, तिच्या वडिलांची. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ती मुलीच्या हाती आली. गुंज उगाळून तिच्या लेपाने रवे चिकटवायचे, सांधा धरावा म्हणून टाकणखार लावायचा आणि आच अशी द्यायची की लेप जळून जावा, रवा मात्र वितळू नये. गुंजा ती कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवायची. लेप कशाचा ते कळावं म्हणून आल्दोने दोनदा तिची कचऱ्याची बादली उपसून पाहिली होती, आणि हे तिला ठाऊक होतं. १९८४पासून ती रोज हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीने दुकानाजवळच्या फॅरिंग्डन स्टेशनला यायची, आणि सात वर्षांत दोघांचं एकमेकांबद्दलचं मत तसूभरही सुधारलं नव्हतं.

१९८६मध्ये त्याने डबीतून सोन्याची तीन फुलं आणली. खरी जुनी, एका मोडलेल्या हारातली. "बाकीची चोवीस तू कर," तो म्हणाला. "म्युझियममध्ये जाईल तेव्हा कार्डावर माझ्या नावाखाली तुझं नाव येईल." त्या एका वाक्यावर तिने चौदा महिने घालवले. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला.

आता १९९१ साली मँचेस्टरचं एक म्युझियम त्याचा संग्रह घ्यायला तयार झालं. शुक्रवारी टेबलावर टाइप केलेलं कार्ड मधुमतीने वाचलं. 'सुवर्णहार, इसवीसनपूर्व सहावं शतक. सत्तावीस फुलं, पैकी तीन दुरुस्त. दुरुस्ती: आल्दो मोरेस्की.' पठ्ठ्याने आकडे सरळ उलटे करून टाकले होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्ड घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. "माझं नाव कुठाय?"

आल्दोने मानसुद्धा वर केली नाही. "चिमट्याचं नाव कोणी कार्डावर लिहितं का, मिसेस वेद? मंगळवारी म्युझियमचे लोक येणार आहेत. मी बोलेन, तू एक फूल करून दाखवशील. तोंड उघडलंस तर पोलिसांना सांगेन, की बाईने नकली माल करून मला फसवलं."

घरी उदयने, तिच्या नवऱ्याने, सगळं ऐकून घेतलं. हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा सरळ माणूस तो. "अगं, नोकरी जाईल. वर केस झाली तर? लीव्ह इट."

"चौदा महिने मी डोळे फोडलेत," ती म्हणाली. "तो मला चिमटा म्हणतो."

रविवारी सकाळी ती हाराचा मोठा फोटो आणि भिंग घेऊन बसली. आपली फुलं आपण ओळखू, पण दुसऱ्याला पटवायचं कसं? म्हणून तिने रवे मोजले. जुन्या तिन्ही फुलांवर वीस. स्वतःच्या फुलांवर एकवीस. तिने पुन्हा मोजले. एकवीसच. नक्कल करताना तिने केलेली ही चूक होती, आणि ती चोवीसदा झाली होती. वडील कधी पुऱ्या आकड्यावर हात थांबवत नसत. आहेरावर रुपया चढवावा तसा शेवटी एक रवा वर ठेवत. वीस झाल्यावर तिचा हातही न विचारता पुढे गेला होता. तिला हसू आलं आणि मागोमाग रडूही आलं.

मंगळवारी म्युझियमच्या डॉक्टर हेलन प्रायर दोन सहकाऱ्यांना घेऊन आल्या. आल्दोने तासभर आपल्या तीस वर्षांच्या तपश्चर्येचा टेंभा मिरवला. मधुमतीने मुकाट्याने गुंज उगाळली, फुंकणी फुंकली, फूल केलं आणि हाराशेजारी ठेवलं.

प्रायरबाई डोळ्याला भिंग लावून बराच वेळ वाकून राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "सिन्योर मोरेस्की, दुरुस्त केलेली तीन कोणती?"

आल्दोला ते कुठून आठवणार? पण त्याची मान वाकली नाही. पेनाच्या टोकाने त्याने रवे जरा वाकडेतिकडे बसलेली तीन फुलं दाखवली. "ही. हात बघा किती ओबडधोबड आहे. कामगारीण बाई आहे आमची, तिच्याकडून करून घेतली. प्राचीन सोनाराची सफाई हिला कुठून येणार?"

"ती तीनच जुनी आहेत," मधुमती म्हणाली. "बाकीची चोवीस माझी. त्या तिन्हींवर वीस-वीस रवे आहेत, माझ्या फुलांवर एकवीस. आत्ता तुमच्यासमोर केलेल्यावरही. मोजा."

प्रायरबाईंनी मोजायला सुरुवात केली. एक फूल, दुसरं, तिसरं. आठव्या फुलावर त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि आल्दोकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चोर," तो मधुमतीवर खेकसला. "हिने मला बनवलं. लिहून घ्या, ही बाई फोर्जर आहे, नकली माल करणारी. या धंद्यात तुला कोणी दारातसुद्धा उभं करणार नाही, बघच तू."

धंद्यातली दारं बंद होणार हे खरंच होतं. उदयचं म्हणणं तिला आठवलं. पण प्रायरबाईंनी वही उघडली होती आणि त्या तिच्याकडे पाहत होत्या.

मधुमतीने करंडा बंद करून पर्समध्ये टाकला. "फोर्जर लिहायचं तर लिहा," ती म्हणाली. "पण नाव पूर्ण लिहा. मधुमती वेदपाठक."